अर्धा वर्ग रजईत

शाळेच्या गेटावर बसणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. झाडाखाली पानं साचतात तसे साचतात. मी फक्त झाडू मारत नाही, इतकंच. लखनौच्या अलीगंजातल्या आमच्या शाळेत तर थंडी पडली की ढीगच! धुकं आलं की अर्धी मुलं वर्गात, अर्धी घरी रजईत, लॅपटॉपसमोर. मास्तर मात्र दोघांत मिळून एकच.

*

ही पद्धत सुरू झाली तीच मीटिंगने. डायरेक्टर मॅडमनी आईबापांना भल्या सकाळी बोलावलं, मुलांसकट. धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता. स्कूटरवरून सगळे कुडकुडत आले. मॅडम माइकवर म्हणाल्या, "इतनी ठंड में बच्चों को घर से बिलकुल मत निकालिए!"

*

आमचे परांजपे सर गणिताचे. भाऊ रेल्वेत इंजिनीअर, त्याच्यामागे लखनौला आले आणि इथलेच झाले. ते बाकांकडे वळले की लॅपटॉपमधून ओरडा, "सर, आपकी पीठ दिख रही है!" लॅपटॉपकडे वळले की बाकांवरून तोच ओरडा.

बाहेर येऊन मला म्हणाले, "बाबूराव, ब्रह्मदेवाला चार तोंडं कशाला लागतात, ते आज कळलं!"

*

पीटीचे सर उत्साही. स्क्रीनसमोर शिट्टी फुंकून म्हणाले, "घर में ही, एक जगह पर दौड़ो!" थोड्या वेळाने इंदिरा नगरच्या एका मुलीच्या जागी मफलरवाले गृहस्थ दिसू लागले.

"मास्टर साहब, हम नीचे के फ्लैट वाले हैं. छत का पलस्तर चाय में गिर रहा है!"

*

मग मॅडमचा हुकूम निघाला. सोमवारी ज्या वर्गाचे बाक रिकामे दिसतील, तो वर्ग कायमचा लॅपटॉपवर जाणार आणि तिथे नवे, चटपटीत मास्तर येणार. म्हणजे परांजपे सरांचे बाक रिकामे राहिले, तर त्यांना नारळ. सर हसले, पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला.

त्यात शनिवारी विभू नावाचं पोर लॅपटॉपमध्ये बसून खुशाल पराठा खात होतं. सर भडकले. "बाहर खड़े हो जाओ!"

आता बाहेर जाणार कोण? सरांनी लॅपटॉपच उचलला आणि थंडीमुळे व्हरांड्यात सरकवलेल्या माझ्या स्टुलावर आणून ठेवला! विभू घरी खरंच कान धरून उभा राहिला. धुक्यात गारठेल म्हणून मी लॅपटॉपवर माझी शाल टाकली, तर आतून आवाज आला, "चाचा, अंधेरा हो गया!"

शाल काढेपर्यंत नेट गेलं.

सोमवारी धुकं असं, की मलाच गेट सापडेना. घंटा झाली. सरांच्या वर्गात एक पोर नाही. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"देखा, परांजपे जी? कोई नहीं आया."

सर बोटांत नुसता खडू फिरवत होते.

तेवढ्यात मॅडमच्या मागे, माझ्या स्टुलाशेजारी, एकावर एक स्वेटर चढवलेलं पोर दिसलं. कान धरून उभं.

"अरे विभू! अंदर आओ, बेटा!" सर म्हणाले.

"अभी नहीं, सर. परसों नेट कट गया था. सज़ा आधी बाकी है."