चौथ्या चित्राच्या पुढे

लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला पनवेलजवळच्या आमच्या बालवाडीतली तपासणी आठवते. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला एक मॅडम आल्या होत्या. मी चार चित्रं काढून, लॅमिनेट करून ठेवली होती: मोकळी जमीन, विटांचा ढीग, अर्धी भिंत आणि पूर्ण घर. मुलांनी ती ओळीने लावून गोष्ट सांगायची. पत्र्याखाली जीव उकडत होता आणि बाहेरून सारखे डंपर जात होते. मॅडमनी नेमकी नव्याने आलेली मुलगी उठवली. तिने घराचं चित्र सर्वांत आधी ठेवलं. मग अर्धी भिंत, मग विटा. "ही तर उलटं लावतेय. काही शिकवलंय की नाही?" म्हणत मॅडमनी पेन उघडलं. मी बोलायला गेले, तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि मुलीला म्हणाल्या, "सांग बघू गोष्ट." ती एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. "आमचा घर आसा होता. मंग मशीन आली. मंग ईटा रायल्या. मंग काय नाय." शेवटी मोकळी जमीन. विमानतळासाठी तिचं गाव उठलं होतं, हे मी मॅडमना हळूच सांगितलं. त्यांनी पेन मिटलं. मुलगी मात्र चटई उचलून खाली काहीतरी शोधत होती. "बाई, पुढचा चित्र कुठं हाय?" वर्ग वाचला. त्या संचात मी आता पाचवं कार्ड ठेवते, कोरं. त्यावर काय काढायचं ते तिलाच विचारलं असतं, पण ती आता कुठे राहते, मला ठाऊक नाही.