चौथ्या गटाची पिल्लं

पिंजऱ्यांच्या खोलीत शिरण्याआधी सत्यशीला दारावर दोन टिचक्या मारायची, म्हणजे उंदीर दचकत नसत. उंदरीण उचलताना तळहात खाली धरायची, शेपटीला लटकवायची नाही. पिल्लांना हात लावण्याआधी हातमोजे त्यांच्याच भुशात चोळून घ्यायची. परका वास लागला तर आई पिल्लू खाते. डबा लिंबाखाली बसून खायची. सगळ्या उंदरांना ‘बाई’ म्हणायची, नरांनासुद्धा.

परभणीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत ती सहा वर्षं उंदरांची देखभाल करत होती. पिंगळीहून रोज ये-जा. ती पोटुशी आहे हे कळल्यावर प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी उंदरांना औषध पाजायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. उरलं पिल्लं मोजणं.

प्रयोगात गाभण उंदरिणींचे चार गट होते. पहिल्याला नुसतं तेल. दुसऱ्याला एक फवारणीचं औषध, तिसऱ्याला दुसरं, चौथ्याला दोन्ही. ही औषधं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. पण मात्रा इतकी थोडी, की एकेकट्यानं काही होऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या गटात खरंच काही झालं नाही.

नर पिल्लाच्या गुदद्वारापासून लिंगापर्यंतचं अंतर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतं. चौथ्या गटातल्या नरांमध्ये ते आखडलेलं निघालं, म्हणजे नराचं अंग पुरतं घडलंच नव्हतं. तिला वाटलं, अंतर मोजायचा कॅलिपर बिघडला. दुसरा आणला. आकडा तोच.

त्या दिवशी घरी जाताना तिला ऑगस्टमधली फवारणी आठवली. तीन बाटल्या, वर टॉनिक, सगळं एकाच टाकीत. कपाशीवर एकेक औषध वेगळं मारायला कुणाला सवड असते? पंप नवऱ्याच्या, नागनाथच्या पाठीवर. ढवळून पंप भरून द्यायचं काम तिचं. प्रयोगशाळेत दोन-दोन हातमोजे घालणारी ती, शेतात कोपरापर्यंत हात बुडवून ढवळत होती. दिवस गेलेत हे तेव्हा माहीत नव्हतं.

तिनं घरी सांगितलं. नागनाथ म्हणाला, “येकायेका औषदाचा डोस मापातच हाय की.”

“तिकडंबी मापातच व्हता,” ती म्हणाली.

चुलीपाशी बसलेली सासू, धुरपताबाई, हसली. “उंदराच्या संगतीनं तूबी उंदरावानी भ्यायलीस. आमी काय कमी फवारलं? ह्यो बसलाय न्हाई का धडधाकट?”

सोनोग्राफीला गेली तेव्हा सगळं नीट आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. तिनं चाचरत विचारलं, मुलगा असला तर त्याचं अंग नीट घडलंय का? डॉक्टरांचा चेहरा एकदम कडक झाला.

“ताई, मुलगा की मुलगी ते कायद्यानं सांगता येत नाही. फिरवून विचारू नका.”

तिला ते विचारायचंच नव्हतं. बाहेर बाया रांगेत बसल्या होत्या. ती उठली.

मग मॅडमना विचारलं. उंदरावरून माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाल्या. होईल असंही नाही, होणार नाही असंही नाही. तेव्हापासून तिला जेवण जाईना. मुलगीच असू दे, असं ती मनात घोकायला लागली.

शुक्रवारी चौथ्या गटाची शेवटची वीण मोजायची होती. अकरा पिल्लं. सहा झाली. सातवं तळहातावर घेतलं, गुलाबी, डोळे मिटलेलं. तेवढ्यात तिच्या पोटात बाळानं ढुशी दिली. ती तशीच उभी राहिली. मग पिल्लू आईपाशी ठेवलं आणि बाहेर पडली. परत कामावर आली नाही.

वहीत सातव्या ओळीवर तारीख आहे, पिंजऱ्याचा क्रमांक आहे. नर की मादी, तो रकाना कोरा आहे. अंतराचाही.