वरचं रान आणि काकीची नाचणी

समस्त सज्जनहो, मोर-लांडोरींनो आणि कुंपणावर मान हलवणाऱ्या सरड्यांनो, एक अत्यंत गंभीर घोषणा कान देऊन ऐका! पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणच्या अंगाला, एका पन्नाशीतल्या गृहस्थाने नफा आणि निसर्ग यांचं लग्न लावून दिलं आहे. या लग्नात भटजी तोच, वरबाप तोच आणि बँडही तोच वाजवत होता.

तो गृहस्थ मी.

माझा बेत ऐकणाऱ्याला भुरळ पाडणारा होता. खाली भाताची खाचरं, मधल्या उतारावर काजूची कलमं आणि त्यांच्या ओळींमधून सुरण, हा झाला नफा. वरचा माथा मात्र अजिबात तोडायचा नाही. लाकडाचा ठेकेदार आला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. रान दाटलं. ओहोळ उन्हाळ्यातही झिरपू लागला. मोर आले, भेकर आलं, पाठोपाठ रानडुकरं आली. मी प्रत्येकाचं आगमन वाडीभर सांगत सुटलो, जणू घरी व्याही आलेत. सुरणाला डुकरांचा उपद्रव नको, म्हणून काजूभोवती झटका मशीनची, म्हणजे अंग लागताच विजेचा चटका देणारी, तारही ओढून घेतली.

रानाला लागूनच माझ्या चुलतीचं वरकस, म्हणजे डोंगरउताराचं हलकं शेत. काकी एकटी, मुलगा मुंबईला. त्या तुकड्यात ती नाचणी करते आणि वर्षभर तीच भाकरी खाते.

गेल्या दिवाळीआधी महाडचा माझा शाळेपासूनचा मित्र आला. त्याचा ट्रकचा धंदा, पण तुडीलला सावित्रीकाठी जमीन आहे आणि तिथं असंच काही करायचं त्याच्या मनात होतं. मला काय, प्रेक्षक मिळाला! काठी उगारून, आवाज चढवून मी त्याला एकेक टप्पा दाखवत रानातून वर नेलं आणि आम्ही थेट काकीच्या शेतात बाहेर पडलो.

शेत कसलं! नाचणी आडवी लोळवलेली, माती मुळासकट उकरलेली. काकी उकिडवी बसून चिखलातली कणसं टोपलीत वेचत होती.

"ये रे बाबू," ती म्हणाली. "पावण्यांना तार दाखवलीस काय? लई भारी हाय हां. डुक्कर तिकडं तोंडच घालत नाय."

मित्राने सहज विचारलं, "मग कुठं घालतं, काकी?"

"हितं." कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं ती म्हणाली, आणि वर हसली. "डबा वाजवते मी. पण म्हातारीच्या डब्याला कोण भितो!"

तिने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. ती माझं कौतुक करत होती, आणि तेही मनापासून. बेत आखताना मी ओहोळाचा विचार केला होता, मोराचा केला होता. रानातून निघालेलं डुक्कर कुठं जाईल, याचासुद्धा केला होता. माझ्याकडे येऊ नये, एवढाच. रान राखल्याची शाबासकी माझी, सुरणाचे पैसे माझे, आणि त्या रानातल्या पंगतीला वाढत होती काकी. मित्र एरवी माझी टर उडवायची एक संधी सोडत नाही. त्या दिवशी तो समोरच्या दरीकडे टक लावून बघत राहिला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं, हे मला कळत होतं.

गप्प राहणं मला जमत नाही. छाती काढून, पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात मी म्हणालो, "काकी, उद्याच्या उद्या तार तुझ्या शेताभोवती फिरवतो! सगळा खर्च माझा!"

काकीने मान वर केली. राग नव्हता, नुसतं नवल होतं. हातातलं कणीस झटकता झटकता तिच्या तोंडून निघून गेलं,

"आता कशाला रे? आता राखायचं काय हाय हितं?"