रियाधहून यान्बूला, इन्कम टॅक्सची फाइल घेऊन

सौदीत पगारावर इन्कम टॅक्स नाही म्हटलं की लोकांना आमचा हेवा वाटतो. त्यांनी आमच्या ह्यांना पाहिलेलं नाही. जिथे टॅक्सच नाही, त्या देशात टॅक्सची फाइल काखोटीला मारून हिंडणारा हा माणूस.

आखाती युद्धाचे दिवस होते. मी रियाधच्या एका इस्पितळात नर्स, हे दूर पश्चिम किनाऱ्यावर यान्बूच्या रिफायनरीत. दोघांचे कामाचे व्हिसा वेगळे, कफील म्हणजे हमी घेणारे मालक वेगळे, शहरंही वेगळी. रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली. भोंगा वाजला की पेशंटना तळघरात न्यायचं, तोंडाला गॅस मास्क बांधायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, असं चाललं होतं. शेवटी आमच्या मेट्रनने मला आठवड्याची सुट्टी दिली. हे गाडी घेऊन मला न्यायला आले. मला वाटलं, वाटेसाठी पाणी, खजूर, एखादी चादर तरी आणली असेल. तर उतरले ते फाइल घेऊन. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!

भारतातून नोटीस आली होती. ठाण्याला आमचा दोघांच्या नावावर एक फ्लॅट होता, तो भाड्याने दिलेला. भाडं अर्धं अर्धं करून आम्ही आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचो. साहेबाने विचारलं होतं, पत्नीकडे फ्लॅट घ्यायला पैसे आले कुठून? नवऱ्याचे असतील तर सगळं भाडं त्याच्याच नावावर धरू. म्हणजे मी सौदीत पोळ्या लाटायला आले होते, अशी साहेबाची समजूत.

खरी गोष्ट अशी, की फ्लॅट जवळजवळ सगळा माझ्या पैशाचा होता. ह्यांचा पगार नणंदेच्या लग्नात आणि सासऱ्यांच्या आजारपणात गेला. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण ह्यांनी नोटिशीला उत्तर टाइप करून आणलं होतं, की रक्कम सर्वस्वी नवऱ्याची, आणि त्यावर मला सही करायला सांगत होते. म्हणे, थोडा टॅक्स जास्त पडेल, पण प्रकरण मिटेल. प्रकरण कसलं मिटतंय! आमचे सीए म्हणजे ह्यांचे आतेभाऊ. खरं लिहिलं तर ते चिपळूणला माझ्या सासरी पोचणार आणि मुलाने ठाण्याला घर घेतलं म्हणून सासूबाईंनी आळीभर वाटलेले पेढे फुकट जाणार.

मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. रियाध मागे पडलं तरी आमचं चालूच. हे समजावत होते, मी ऐकत नव्हते. डोक्यावर क्षेपणास्त्रं आणि आम्ही भांडतोय भाड्यावरून.

पुढे चेकपोस्ट लागलं. पोलिसाने दोघांचे इकामे, म्हणजे तिथले राहण्याचे परवाने, घेतले. माझा लग्नाआधी काढलेला, माहेरच्या नावाचा. त्याने विचारलं, ही कोण? बायको, असं हे म्हणाले. मग कागद दाखव. एरवी लग्नाचा दाखला ह्यांच्या खिशात कायम असायचा. त्या दिवशी खिशात हात घातला तर नुसतं पेन. फाइलला लावायला दाखल्याची झेरॉक्स काढली, आणि दाखला यान्बूलाच झेरॉक्सच्या दुकानात राहिला. झेरॉक्ससुद्धा तिथेच.

त्या देशात परक्या बाईला गाडीत बसवून नेणं म्हणजे ह्यांची रवानगी थेट कोठडीत, माझी परत इस्पितळात, आणि दोघांच्या नोकऱ्यांवर पाणी. युद्धाच्या धामधुमीत कोण कोणाला सोडवणार?

ह्यांनी फाइल उघडली आणि नोटिशीतल्या ‘वाइफ’ या शब्दावर बोट ठेवलं. पोलिसाला इंग्रजी येत नव्हतं. तिकडे टॅक्सवाल्यांच्या लेखी मी नुसती बायको आणि इथे बायको सोडून बाकी काहीही!

मग माझा तोल गेला. दाखला विसरलात आणि हे चिटोरं बरं आठवलं, असं सुरू करून मी ह्यांच्या आतेभावापर्यंत पोचले. हेही गप्प बसेनात. भर हायवेवर आमचं मराठी दणदणत होतं. पोलीस एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी हात वर करून त्याने विचारलं, भांडण कशाचं?

ह्यांचं अरबी म्हणजे पाइप आण, वेल्डर कुठे आहे, एवढंच. हे खाली बघत उभे राहिले. मग त्याच मोडक्या अरबीत म्हणाले, “हिंदमध्ये घर. पैसे तिचे. तिचा पगार मोठा, माझा लहान. मी लिहिलं, पैसे माझे. ती चिडली.”

पोलिसाला खरं वाटेना. पैसे तिचे? त्याने पुन्हा विचारलं. ह्यांनी मान हलवली. तो गाडीला टेकून पोट धरून हसला, सोबत्याला हाक मारून त्यालाही सांगितलं. मग इकामे परत देत म्हणाला, परक्या बाईसाठी असं कोणी कबूल करत नाही. खलास, यल्ला. झालं, निघा आता.

गाडी सुरू झाली. मग मी म्हटलं, “पोलिसाला अरबीत सांगितलंत. साहेबाला काय लिहिणार?”

“खरं तेच,” हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “आईलाही लिहितो.”

भोंग्यांना मी रडले नव्हते. तिथे मात्र पदर नव्हता म्हणून अबायाच्या बाहीने डोळे पुसले.

सासूबाईंचं उत्तर आलं तोवर युद्ध संपलं होतं. तुझं डोकं फिरलं का, बायको सांगते ते लिहितोस का, असं त्यांनी लेकाला विचारलं होतं. ह्यांनी उलट टपाली पुन्हा तेच लिहिलं, या खेपेला रकमेसकट.