बायकांच्या संडासाची किल्ली

तुमच्या कारखान्यात बायकांच्या संडासाला कुलूप आहे का, आणि असेल तर किल्ली मागायला त्यांना कुणापुढं उभं राहावं लागतं?

मी हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात गेले तेव्हा कळलं. माझ्या कामाला ओडी म्हणतात. कंपनीतली माणसं कुठं अडतात ते त्यांच्याकडूनच ऐकायचं आणि त्यांना सोबत घेऊन बदल घडवायचा. शहरात हे काम करणारे आम्ही काही जण महिन्यातून एका शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये भेटतो. मी शिकले या मंडळात, आणि पहिलं काम मिळालं तेही मंडळातल्या एका ज्येष्ठ मॅडमच्या शब्दावर. त्यांनी बजावलं होतं, "बोलणाऱ्याचं नाव बाहेर जाता कामा नये. आपल्याकडं तेवढी एकच पुंजी आहे."

टॉवेलांचे काठ शिवणाऱ्या बायकांना मी तेच वचन दिलं. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं गावाहून येणारी एक मावशी म्हणाली, "किल्ली सुपरवायझरकडं असती. बाप्याला सारखी किल्ली मागायची कशी? म्या सकाळपासनं पाणीच पीत न्हाय."

"आन् घरी गेल्यावर कळशीला तोंड लावती," शेजारची म्हणाली.

"तू तर लई पीती की हितं," मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी पत्रकांवर वाढले. वडील कामगार संघटनेत. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. ते म्हणायचे, दहा मागण्या छापण्यापेक्षा एका माणसाचं एक वाक्य छाप, त्याच्याच तोंडचं. मंडळात केस मांडायची माझी पाळी आली तेव्हा मी तक्त्यावर पाण्याचं ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं. नाव नाही लिहिलं. खाली फक्त विभाग आणि ती कुठल्या गावाहून येते ते. वाक्यामागं माणूस दिसायला हवा, असं मला वाटलं.

टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोन कंपन्यांच्या लोकांनी माझा नंबर घेतला, त्यांचा दिला. केस संपली की मांडणाऱ्याला तक्त्याजवळ उभं करून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, अशी आमची रीत आहे. मॅडमनी फोटो टाकला, वर लिहिलं, "आमची मुलगी." त्या ग्रुपवर त्याच कारखान्याचे एचआर अधिकारी होते. हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते हॉलमध्ये नव्हते, एवढंच.

दहा दिवसांनी मी अहवाल घेऊन गेले, तर अधिकारी खुशीत. "तुमच्या अहवालाआधीच आम्ही काम केलं. सुपरवायझरकडून किल्ली काढून घेतली."

"कुलूप काढलं?"

"कुलूप कसं काढणार? किल्ली त्या गावाहून येणाऱ्या बाईंकडं दिली. त्यांचीच तक्रार होती ना?"

मी शिलाई विभागात गेले. जेवणाची सुट्टी होती. बाकीच्या बायका भिंतीकडं डबे उघडून बसल्या होत्या. मावशी एकटी मशीनवर. गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली, शेजारी एक वही. कोण कधी गेली, कधी आली.

"ताई, तुमी म्हनला व्हता, नाव जानार न्हाय."

"नाव नाही गेलं," मी म्हणाले.

"आमच्या गावची म्या एकलीच हाय की हितं."

भिंतीकडून एक बाई उठून आली. "द्या की, सुपरवायझरीणबाई." मावशीनं दोरा गळ्यातून काढला, वहीत वेळ लिहिली. तिच्या पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाली, "म्या गेले तर ह्येंची येळ कोन लिवनार?"

बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या केसमध्ये असं होतं गं. त्या दोन कंपन्या थांबल्यात, आधी त्यांना फोन कर." आणि मी खरंच मोबाइलमध्ये ते नंबर शोधू लागले. कारखान्याच्या फाटकात उभी राहून. माझाच अंगठा बघून मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही.

मी परत आत गेले. या वेळी मावशीला आधी विचारलं, काय करू? हे लिहू का? ती म्हणाली, "लिवा. गाव लिवू नका. आन् आदी कुलूप काडा."

अधिकाऱ्यांनी माझ्या एकटीचं ऐकलं नाही. म्हणून मंडळातल्या तुम्हा सगळ्यांना सांगते: तो फोटो मोबाइलमधून आत्ता पुसा, आणि सोमवारी सकाळी माझ्यासोबत त्या फाटकाशी या. कुलूप निघेपर्यंत तिथून हलू नका.