जावयाच्या पुढे कोणी जाईना

पुण्याहून निघतानाच वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, ताकीद दिली होती. "या वेळी गाडीत बसून आलास ना, तर ते बूट मी कचऱ्यात टाकणार." ही गाडी म्हणजे आगगाडी नव्हे. धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी सावकाश येत असते. ज्यांच्याने पुढे पाऊल टाकवत नाही त्यांना तीत बसवतात आणि वर एक केळं देतात. पुण्यातल्या दोन्ही शर्यतींत मी ते केळं खाल्लेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग द्यावं सोडून. पण आमच्या भागातला धावणाऱ्यांचा गट कोणाला सुटू देत नाही. रोज पहाटे टेकडीपाशी जमून आम्ही थोडं धावतो आणि पुष्कळ बोलतो. गुडघा, टाच, बुटाचा तळ आणि बिटाचा रस हे आमचे जिव्हाळ्याचे विषय. माझ्याकडे नाडी मोजणारं घड्याळ आहे, पाण्याच्या बाटल्या अडकवायचा पट्टा आहे, लांबूनही डोळ्यांत खुपेल असा पिवळा टी-शर्ट आहे. नव्हती ती एकच गोष्ट. एकही शर्यत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी पुरी केलेली नव्हती, आणि चाळिशी उलटल्यावर ही गोष्ट मला फार लागायला लागली होती.

अशात कळलं की वैशालीच्या माहेरी, वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाला, तिथल्या तरुण मंडळाने दहा किलोमीटरची शर्यत ठेवली आहे. मी लगेच नाव कळवलं. खेड्यात कोण धावतंय, असा माझा हिशेब होता. माणसाने इतकंही मूर्ख असू नये, पण तेव्हा ते कळायला मार्ग नव्हता.

गाडी शेगावला थांबली तेव्हा कचोऱ्या घेतल्या. शर्यतीच्या आठवड्यात तळलेलं वर्ज्य, असं गटातल्या जाणकारांनी बजावलं होतं, म्हणून मोजून चारच खाल्ल्या. अकोल्याला उतरून पॅसेंजर धरली आणि ऊन वर यायच्या आत जऊळक्याच्या फलाटावर पाय ठेवला. थंडी चांगली होती. स्टेशनाबाहेर काळ्या रानात तुरीची कापणी चालली होती आणि हरभरा घाट्यांवर आला होता. आम्हाला न्यायला येणाऱ्या जीपची वाट पाहत मी चहाच्या टपरीवर टेकलो.

चहावाल्याने माझे बूट पाहिले, मग वैशालीकडे पाहिलं. "किनीराजाचे जवाई का जी?"

"हो. शर्यतीत धावायला आलोय."

"काहून? गाडी नाई आली का घ्याले?"

मी त्याला शर्यत म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला दुसरा चहा दिला.

इथे पुण्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. वऱ्हाडात एका घरचा जवाई (जावई) हा सगळ्या गावाचा जवाई असतो. त्याच्या आधी कोणी पाटावर बसत नाही, कोणी हात धूत नाही, त्याच्या आधी कोणी दाराच्या आत पाऊल टाकत नाही. मी उठलो की पडवीतले सगळे उठत. मी बसलो की बसत. सासरी पोचलो त्या दुपारी मी सहज पाय मोकळे करायला चार वेळा उठलो, तर माझ्या चुलत सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. मला हे सगळं आधीपासून माहीत होतं, आणि खोटं कशाला सांगू, आवडतही होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सरावाला निघालो, तो मामाजींनी (सासऱ्यांनी) ओट्यावरच अडवलं. मामाजी मितभाषी शेतकरी आहेत, पण माझी आखूड चड्डी पाहून त्यांना बोलावंच लागलं. "जवाई, तुमाले थंडी नाई वाजत, ते ठीक हाये. पन गाव पाह्यते ना." शेवटी तह झाला. गावाच्या शिवेपर्यंत मी फुलपँट घालायची, पुढे माझं मी पाहावं. शिवेवरच्या बाभळीला पँट अडकवून मी जऊळक्याच्या दिशेने पळत सुटलो.

पळत सुटलो म्हणजे काय, पहिल्याच वळणावर मोटारसायकल थांबली. "बसा जवाई." नको म्हटलं. "अजी बसा, तिकडंच चाललो." पुन्हा नको म्हटलं, तर तो गृहस्थ दुखावून निघून गेला. मग दुधाची गाडी थांबली, मग बैलगाडी. मी दर वेळी थांबायचो, हात जोडायचो, नाडी खाली यायची आणि घड्याळ कुरकुरायचं. तासभर असा सराव करून घरी परतलो, तर अंगणात ही गर्दी! सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. वडीलधारी मंडळी गंभीर चेहऱ्याने ओळीत बसली होती आणि वैशाली एका कोपऱ्यात चहा पीत हसू दाबत होती.

झालं होतं असं की दूधवाल्याने गावात वर्दी दिली होती. जवाई एकटेच, बिनपँटचे, ठेशनाकडं पयून राह्यले (पळत आहेत). थांबवलं तरी थांबेनात.

"जवाई," चुलत सासरे घसा खाकरून म्हणाले, "आमच्या लेकीचं काई चुकलं असन तं सांगा. पन असं घर सोडून पयू नोका."

"अहो, मी व्यायाम करत होतो!"

"होये ना," ते समजुतीने म्हणाले. कोणाचाही विश्वास बसला नव्हता. माझी समजूत काढण्यासाठी त्या दुपारी पुरणपोळी झाली.

संध्याकाळी गजानन भेटायला आला. हा वैशालीचा चुलत भाऊ, अंगाने काटक, साधारण माझ्याच वयाचा. शेत लांब, म्हणून रोज पळतच जातो आणि पळतच येतो. आसपासच्या गावांत शर्यत असली की पहिला नंबर त्याचाच, असं सासूबाई कौतुकाने सांगत होत्या. मी त्याला श्वास कसा घ्यावा, टाच कशी टेकवावी, यावर बरंच काही ऐकवलं. त्यानेही मन लावून ऐकलं.

"उद्या भिऊ नका जवाई," जाताना तो म्हणाला. "आमी हाओ तुमच्या मांगं."

मला वाटलं, धीर देतोय.

शर्यतीच्या सकाळी शाळेसमोर मांडव होता, भोंगा होता आणि फीत बांधायला दोन बांबू होते. जऊळक्याच्या बाजूला पाच किलोमीटर जायचं, तिथल्या मैलाच्या दगडाला वळसा घालून परत यायचं. तीसेक जण धावायला उभे होते. निम्म्यांच्या पायात साध्या चपला होत्या. ते पाहून मला मनातून बरं वाटलं. मागून येणाऱ्या गाडीच्या जागी इथे ट्रॅक्टर होता. नारळ फुटला आणि आम्ही निघालो.

आणि काय सांगू तुम्हाला, मी पुढे! एक किलोमीटर झाला, दोन झाले, मला कोणी गाठेना. हरभऱ्याच्या वासाची गार हवा नाकात जात होती आणि मी वाशीम जिल्ह्याच्या रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे धावत होतो. टेकडीवरचे सगळे उपदेश सार्थकी लागले असं वाटून ऊर भरून आला. गटावर टाकायचा मजकूरही मनात तयार झाला. घड्याळ मात्र म्हणत होतं की माझा वेग पुण्यातल्यापेक्षाही कमी आहे. घड्याळाला इथलं हवामान मानवलं नसावं, असं मी ठरवलं.

खटकली एकच गोष्ट. मागे गप्पा ऐकू येत होत्या. कोणी तुरीच्या भावाबद्दल बोलत होतं, कोणी फोनवर पंपाची मोटर बंद करायला सांगत होतं. माझ्या तर तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि ही माणसं धापही न टाकता गप्पा मारतात?

मैलाच्या दगडापाशी पट्ट्यातली बाटली पडली म्हणून मी थांबलो, वाकलो आणि मागे पाहिलं. अख्खी शर्यत उभी होती! तीसच्या तीस माणसं रस्त्यावर शिस्तीत थांबलेली, सगळ्यांत पुढे गजानन. कोणाच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," गजानन म्हणाला. "तुमी थांबले म्हनून थांबलो."

"अरे, मग पुढे जा ना!"

"जवायाच्या पुढं?" त्याने जीभ चावली. "आमच्यात नाई जात कोनी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि अंगातलं सगळं वारंच गेलं. इतका वेळ मी शर्यत जिंकत नव्हतो, माझी मिरवणूक निघाली होती. घोडा तेवढा नव्हता. मला संताप आला, लाज वाटली आणि खरं सांगतो, रडायला आलं. मी विनवलं, ओरडलो, सगळे माना डोलवून ऐकत राहिले. पण पाऊल कोणी उचलेना. मला एकदा, फक्त एकदा, खरी शर्यत धावायची होती, आणि ही भली माणसं ती प्रेमाने हिरावून घेत होती.

मग मला जावयाचं जुनं हत्यार आठवलं. मी मैलाच्या दगडावर बसकण मारली. "मी रुसलो," मी जाहीर केलं. "तुम्ही सगळे पुढे गेल्याशिवाय इथून उठणार नाही. जेवणारही नाही."

गजाननचा चेहरा पांढरा पडला. रुसलेला जवाई म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न. त्याने घाईघाईने मामाजींना फोन लावला. "काका, जवाई रुसले. हो, रस्त्यावर. दगडावर बसून राह्यले." पलीकडून मामाजींचा आवाज मलाही ऐकू आला. "अरे बापा, म्हनतीन तसं करा! रुसू देऊ नोका!"

आणि मग मी पाहिलं, धावणं काय असतं ते. चपला फटफटल्या, धूळ उडाली आणि गजानन हरणासारखा वळणाआड गेला. टाच कुठे टेकते आणि श्वास कसा जातो, कोणी पाहत नव्हतं. एवढ्या पायांना मी सकाळपासून माझ्या मागे रांगायला लावलं होतं.

रस्त्यावर उरलो मी आणि मागे ट्रॅक्टर. ट्रॉलीत जावयासाठी गादी अंथरलेली होती, लोड होता आणि केळ्यांचा अख्खा घड होता.

"बसा ना जी," ड्रायव्हर म्हणाला. "कोनी पाह्यत नाई."

खरंच कोणी पाहत नव्हतं. गुडघा ठणकत होता, पुरणपोळी पोटात फिरत होती. गादी मऊ दिसत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि निघालो. थोडं धावलो, थोडं खुरडलो, पुन्हा धावलो. उन्हं तापली. एका शेतात तूर कापणाऱ्या बायांनी विळे थांबवून विचारलं, "काहून पयता हो जवाई, कोनी मांगं लागलं का?" मी मागच्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. त्या पोट धरून हसल्या, आणि मलाही हसू आलं. शेवटचा किलोमीटर कसा गेला ते आठवत नाही, पण पाय माझेच होते, एवढं नक्की.

शाळेच्या वळणावर आलो आणि थबकलो. फीत तशीच होती! फितीच्या अलीकडे, दहा पावलांवर, तीस माणसं हाताची घडी घालून उभी. अंगावरचा घाम केव्हाच वाळलेला. पलीकडे मामाजी हार घेऊन.

"गजानन!" मी ओरडलो.

"तुमी पुढं जा म्हनलं, आमी पुढं आलो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "पन फीत कशी तोडाव? तुमी या ना लवकर, लय वेळचे उभे हाओ."

मी नाही म्हणालो. ते नाही म्हणाले. गाव एकदा माझ्याकडे पाही, एकदा फितीकडे. तेवढ्यात वैशाली गर्दीतून पुढे आली. इतक्या वर्षांत पुण्यात तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशा खणखणीत वऱ्हाडीत ती गावावर कडाडली.

"मी गावची लेक हाव ना? लेकीच्या मांगून याले तं कोनाची मनाई नाई ना?"

मामाजींनी होकारार्थी मान हलवली. तिने दोन्ही हातांनी फीत धरली, टरकन तोडली आणि बाजूला झाली. "गजू, पय आता!"

गजानन सुटला. त्याच्यामागे सगळे सुटले, ढकलाढकली करत, हसत, ओरडत. एका क्षणात नंबर लागले. कप गजाननला मिळाला आणि तो त्याचाच होता. शेवटचा माणूस पार होईपर्यंत मी ट्रॅक्टरपुढे उभा राहिलो. मग एकटाच चालत पलीकडे गेलो. वैशालीने माझ्या कपाळावरचा घाम आपल्या ओढणीने पुसला. तिचे डोळे भरले होते.

दुपारी रोडग्यांची (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसली. माझ्या आधी कोणी घास घेईना, म्हणून मी पहिला घास घाईने गिळला आणि माझी जीभ पोळली.

पुण्याला परतलो, टेकडीवर गेलो. गटाने गराडा घातला. कितवा आलास?

"शेवटचा," मी म्हणालो.

ते चुकचुकले. टाच, श्वास, बीट, सगळे उपाय पुन्हा सुरू झाले. मी ऐकत राहिलो. त्यांना कसं सांगणार? त्या शर्यतीत वरचे सगळे नंबर शेवटच्या दहा पावलांत ठरले. शेवटचा नंबर तेवढा कोणीतरी दहा किलोमीटर राबून मिळवला होता.