पहिली मूठ

देवाने मला बोलावलं तेव्हा मी घरी नव्हतो. म्हणजे होतो, पण नाही म्हणून सांगायला बायकोला दारात उभं केलं होतं. आमच्या चर्चचे पाळक निवृत्त होऊन नागपूरला गेले आणि भोपाळातली आमची इवलीशी मराठी मंडळी, उपासना तुम्हीच चालवा म्हणून माझ्या मागे लागली. कारण माझा आवाज. आनंद नगरात मी शिंकलो की पार शहराबाहेरच्या मिसरोदची कुत्री भुंकतात.

मी रक्तदाब पुढे केला, गुडघे पुढे केले.

"गुडघ्यांनी प्रवचन करायचंय का?" बायको म्हणाली.

अशात शिवाजी नगरातले आमचे सर्वांत जुने सभासद वारले. जन्मभर हिंदीत सरकारी फायली लिहिल्या, पण त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, बजावून ठेवलेलं, मला माती मराठीत द्या. वहिनींनी ते सगळ्यांना सांगितलं. मी मान डोलावली आणि दफनभूमीत सर्वांत मागे, एका जाडजूड जावयाच्या आडोशाला उभा राहिलो. हिंदी चर्चचे पाळक आपुलकीने आले होते. ते हळूच म्हणाले, "मैं हिंदी में कर दूँ?" वहिनींनी पदर मुठीत आवळला.

आमच्यात पहिली मूठमाती ज्याची, प्रार्थना त्याची. हे मला पाळण्यापासून ठाऊक. पण सगळे हातात माती घेऊन नुसते उभे, शवपेटीकडे कुणी बघेना, आणि आतल्या त्या भल्या माणसाला असं ताटकळत ठेवणं मला सोसेना. पुढे कसा गेलो, सांगता येत नाही. पेटीवर माती वाजली तेव्हा रिकामी मूठ माझी होती.

"बोला भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

माझं बोलणं लोक निम्मं वजा करून ऐकतात. इथे करू नका. कडुलिंबावरचे हजार पोपट गप्प झाले. बरं, पन्नास. पण झाले. आणि माझ्या घशातून निघाला तो एक हलका, सावकाश आवाज, जो मी आजवर कधी ऐकला नव्हता. शब्द मी जुळवत नव्हतो. ते येत होते आणि इतरांसारखा मीही ऐकत होतो. "प्रभो, हा तुझा माणूस दमून आलाय. त्याला त्याच्या भाषेत हाक मार, घरात घे." एवढंच.

आमेन झालं. वहिनींनी डोळे पुसले, समोर आल्या आणि उपासनेनंतर आमच्यात पाळकांना सलाम म्हणत करतात तसा हात पुढे केला. "सलाम, भाऊजी."

त्यांच्यामागे रांग लागली होती. मी फाटकाकडे पाहिलं. सताड उघडं होतं.

"सलाम," मी म्हणालो, आणि पुढच्याचा हात हातात घेतला.